कॉलम सेंटिमीटर

वाचनालयाच्या माळ्यावर गठ्ठे बांधून ठेवलेलं एक वर्ष
मी लाकडी पट्टीनं मोजत होते.
पान एक, बायका: चार सेंटिमीटर,
त्यातले तीन जळून मेलेलीचे.
पान तीन, हळदीकुंकू, फोटोसह.
पान पाच, साबणाची जाहिरात.
ती बाई मोजायची की नाही
यावर सरांशी दोन महिने वाद.
(मोजली. वेगळ्या रकान्यात.)

सोलापूरचा मे. पंख्याला वारा कमी, कुरकुर जास्त.
जुन्या कागदाला वास विडीच्या पानाचा,
जरा कमी उग्र.

घरी अम्माच्या मांडीवर सूप,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं,
हातात तो पत्र्याचा तुकडा.
पानावर ठेवायचा, कडेनं कात्री फिरवायची,
मापाबाहेरचं खाली.
म्हणाली, "तुझी पट्टी अन् माझा पत्रा एकच की गं.
फक्त मला हजाराला पैसे मिळतात."

टीव्ही चालू. उंबऱ्यापर्यंत बसलेल्या पाच जणी.
माझ्या प्रश्नावलीत होतं:
आपण दररोज किती तास दूरचित्रवाणी पाहता?
नर्सव्वा मावशी हसली. पाहतंय कोण?
डोळे पानावर. आम्ही ऐकतो.
त्या सुनेच्या साडीचा रंग विचारशील तर ठाऊक नाही,
पण ती खोटं कधी रडते ते सांगू.
अन् सासू बोलायला लागली की
दोरा जास्तच आवळला जातो,
त्या विड्या ओढत नाहीत, ब्रँचमध्ये चेकर छाट काढतो.
मालिकावाल्यांनी भरून द्यावेत तेवढे पैसे.

मी प्रश्न खोडला.
दुसरं प्रकरण त्या खाडाखोडीतून निघालं.

मग जुलैच्या गठ्ठ्यात तो फोटो.
पान एक, तीन कॉलम,
आख्ख्या वर्षात बायकांना एवढी जागा नाही.
आकडा लिहिताना हात थरथरला, खरंच सांगते.
खाली ओळ: कचेरीवरील मोर्चासमोर बोलताना
कामगार नेते, सोबत महिला.

सोबत महिला.
शाईचे ठिपके, डोक्यावर पदर, दोनशे तरी.

मोबाइलवर काढून घरी नेला.
अम्मानं तंबाखूचे हात परकराला पुसले,
फोटो लांब धरला, जवळ धरला,
मी शिकवल्यासारखा दोन बोटांनी ताणला.
ही राजव्वा. ही मेरगूंची थोरली.
ही पोशव्वा, तान्ही पोर पाठीशी बांधून आलेली,
पोर ह्यात दिसत नाही.
ही कोण गं, ही... नाव जिभेवर आहे,
गिरणीच्या चाळीतली, पुढं भिवंडीला गेली.
अन् हा काय बोलतोय?
ह्याचा घसा तर सकाळीच बसलेला.
भोंगा राजव्वाकडं होता सगळा वेळ.
फोटोवाला आला, तेवढ्यापुरता ह्यानं मागून घेतला.

तू कुठं आहेस, अम्मा?
तिनं चौकटीच्या अगदी काठावर नख टेकवलं.
हे कोपर दिसतंय ना? ते माझं.
पुढचं कापलंय त्यांनी.

खाली फरशीवर पानांच्या कातरणीचा ढीग,
उद्या बंबात जाईल.
मी पट्टी लावली. आठ मिलिमीटर.

सर म्हणतात, हे आठवणीतलं, ह्याला आधार काय?
तळटीप अशी घातलीय: माहिती, लचमव्वा येमूल,
विडी कामगार, वय चौसष्ट, चौकटीबाहेर उपस्थित.
सरांनी शेवटच्या दोन शब्दांभोवती
पेन्सिलीनं गोल केलाय.
शुक्रवारी प्रबंध बांधायला द्यायचा आहे
आणि कोपराचा रकाना
मी अजून आखलेला नाही.

अम्मा पुढच्या पानाला लागली.
वर न बघता म्हणाली,
"नावं नीट लिही बिड्डा.
मतदारयादीत करतात तसं
पोशव्वाचं पुष्पा करू नको."